सोफ्याला जुळणारं चित्र

सेमिसी गेला तेव्हा ऑकलंडच्या मांगेरे भागातल्या त्या घरात सगळे रडले, एक त्याची थोरली बहीण तोआकासे सोडून. ती शवपेटीच्या उशाशी बसून होती. ती जागा बहिणीची; तिथे दुसरं कोणी बसत नाही. माणसं आत यायची, तिच्यापुढे वाकायची, सेमिसीच्या कपाळाचा मुका घेऊन हंबरडा फोडायची, आणि ती त्यांच्याकडे बघायची ती बसथांब्यावर उभ्या माणसांकडे बघावं तशी. दाताच्या डॉक्टरने सुई टोचली की गाल आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंगच झालं होतं.

समोरच्या भिंतीवर ते चित्र होतं.

चित्र कसलं, वर राखाडी-निळा पट्टा आणि खाली भला मोठा काळपट तांबडा चौकोन. माणूस नाही, झाड नाही, नाव घ्यायला एक कोंबडीसुद्धा नाही. भाचेसून अनासेइनीने ते फर्निचरच्या दुकानातून आणलं होतं. तिथे असली छापील चित्रं एकाला एक टेकवून ठेवलेली असतात. आपल्या सोफ्याला जुळेल ते उचलायचं. आणलं त्या दिवशी तोआकासे म्हणाली होती, "रंगारी काम अर्धवट टाकून पळाला का गं?"

पुढे सेमिसीला झटका आला, एक बाजू गेली, आणि त्याचा पलंग हॉलमध्ये आणला, बरोबर त्या चित्रासमोर. त्या दिवसापासून तोआकासेने हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. भाऊ निजलेला असेल तिथे बहीण जात नाही. टोंगात जात नाही, आणि ऑकलंडला येऊन केस पांढरे झाले म्हणून इथेही जात नाही. रोज मागच्या दाराने यायची, स्वयंपाकघरात भिंतीला खुर्ची टेकवून बसायची आणि अनासेइनीला धारेवर धरायची. टारोचे कंद कच्चे राहिले. लूच्या पानांत नारळाचं दूध घातलंस की नुसतं दाखवलंस? हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी? पलीकडे भाऊ. तो कसा दिसतो, काय बघत पडतो, हे तिने एकदाही पाहिलं नाही. बघायची मुभा मिळाली तोवर तो पेटीत होता.

भावकीतल्या बाया भिंत झाकायला झाडाच्या सालीचं कापड घेऊन आल्या.

"राहू द्या," तोआकासे म्हणाली.

"आत्या, मयताच्या घरात भिंत उघडी ठेवतात का?" सेमिसीचा मुलगा मोसेसे हळूच म्हणाला. "लोक नावं ठेवतील."

"लोकांना जेवायला वाढ, म्हणजे तोंडं भरलेली राहतील. तुझा बाप हेच बघत पडला होता ना? मलाही बघू दे."

आणि ती बघत राहिली. बाहेर पुरुष वाडग्यातून कावा पीत बसले होते, आत स्तोत्रामागून स्तोत्र. भावाने इतके दिवस डोळे लावले, त्या अर्थी त्यात काहीतरी असणार. वरच्या निळ्यात गावाकडचा समुद्र असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. समुद्र काही आला नाही. निळा निळा राहिला, तांबडा तांबडा. घरी नेऊन टांगावं, रोज बघावं, मग कधीतरी आपल्यालाही रडू फुटेल, एवढंच तिच्या मनात होतं.

मातीत ठेवून आल्यावर वाटप झालं. थोरल्या बहिणीचा मान म्हणून सगळ्यात तलम चटई आणि सगळ्यात मोठं कापड तिच्यापुढे ठेवलं.

"आणखी काही हवं, आत्या?" मोसेसेने रीतीप्रमाणे विचारलं.

"ते चित्र."

आत्याने मागितलं की नाही म्हणायचं नसतं. सुतकाची फाटकी चटई कमरेला गुंडाळलेली अनासेइनी स्वयंपाकघराच्या दारातून आली, सोफ्यावर चढली, चित्राला दोन्ही हात लावले आणि तशीच थांबली.

"काय गं, जीव अडकला? दुकानात ढिगाने आहेत, तूच म्हणाली होतीस."

"न्या, आत्या. तुमचंच आहे." अनासेइनीने मागे वळून पाहिलं नाही. "पण सासरे हे बघत नव्हते. त्यांचा पलंग आम्ही आधी खिडकीकडे तोंड करून लावला होता. त्यांनीच हाताने खुणा करून करून फिरवून घेतला."

"भिंतीकडे? कशाला?"

"ह्या भिंतीमागे तुमची खुर्ची आहे. भिंत कागदासारखी पातळ. तुम्ही मला बोलायला लागलात की ते हसायचे. अर्ध्याच तोंडाने, पण हसायचे. तुम्ही यायच्या आधी पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत."

तोआकासेने चित्राकडे पाहिलं. ते होतं तसंच होतं.

"उतर खाली," ती म्हणाली. "असू दे तिथेच. सोफ्याला जुळतंय."

ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आपल्या खुर्चीत बसली. पाठ भिंतीला टेकवली. डोळे कोरडेच होते. अनासेइनीने कप पुढे ठेवला. तोआकासेने घोट घेतला.

"चहा पातळ झालाय," ती म्हणाली, खोलीत लागतो त्याहून जरा मोठ्या आवाजात.

मग कप हातात धरून थांबली.