यमुनाबाईचा झील करतो काय?

देवबागच्या यमुनाबाईला मासळीबाजारात बोलण्यात कोणी हरवलं नव्हतं. फक्त एका प्रश्नाला ती हमखास गप्प व्हायची. शेजारच्या पाटीवरची किशोरी नेमका तोच विचारायची, "गो यमुने, तुझो झील करता काय?"

काय सांगणार, कपाळ! तिचा मुलगा देवेश परदेशात संगीत शिकला, मोठमोठ्या सभागृहांत त्याच्या रचना वाजतात, एवढं तिला ठाऊक होतं. पण तो म्हणायचा, "आये, मी जॅझ आणि ऑर्केस्ट्रा एकत्र करतंय." ते तिने किशोरीला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे लग्नातलो बँड!" यमुनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यंदा देवेश वादकांचा ताफा घेऊन गावात आला. नवी रचना देवळाच्या सभामंडपात, आईसमोरच वाजवायची, हा त्याचा हट्ट. तिथलं रेकॉर्डिंग परदेशातल्या एका बड्या वाद्यवृंदाकडे जायचं होतं. पसंत पडलं तर नशीब उघडलं, नाहीतर पोटासाठी पुन्हा साबणाच्या जाहिरातींना चाली लावत बसा.

"आये, मधे मधे वाजप थांबतला. तेव्हा कोणी आवाज करूचो नाय," त्याने बजावलं.

झालं! यमुनाबाईने अख्खी वाडी पालथी घातली. "खोकलो इलो तर गिळा. चूं केलात तर देवेशच्या आवशीशी गाठ आसा!" शेजारच्या धोंडूचा कुत्रासुद्धा तिने होडीत घालून खाडीपलीकडे पाठवला.

संध्याकाळी वादन सुरू झालं. व्हायोलिनं भरतीसारखी चढत गेली आणि मग सॅक्सोफोनवाल्याने एकट्याने सूर लावला. तो सूर विनवत होता, हट्ट करत होता, रडकुंडीला येत होता. यमुनाबाईने डोळे मिटले. अगो बाय, हे तर तिला कळत होतं! जत्रेला, लग्नाआधी, नवी होडी पाण्यात लोटताना मानाचा गावकर देवापुढे असंच गाऱ्हाणं घालतो. चूकभूल पोटात घाल, लेकराबाळांना सांभाळ. दर मागण्याला तो थांबला, की सगळा गाव एका तोंडाने होकाराचा जाब देतो.

सॅक्सोफोन थांबला.

"व्हय म्हाराजा!" यमुनाबाई गरजली. बाजारात कमावलेला आवाज तो! पाठोपाठ सगळा सभामंडप, "व्हय म्हाराजा!" जन्माची सवय, आवरणार कोण?

तिने जीभ चावली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. गेलं, पोराचं सगळं आपणच मातीत घातलं! तिच्या डोळ्यांना धार लागली.

सॅक्सोफोन पुन्हा विनवू लागला, पुन्हा थांबला. आता मात्र सगळे चिडीचूप. वादकांपुढे उभ्या देवेशचा हात वरच राहिला, वादन पुढे सरकेना. तो सावकाश आईकडे वळला.

"आये, आता खंय गेलो तुझो आवाज? जाब दी ना गो."

"रेकॉर्डिंग चालू आसा रे मेल्या!" ती बोळ्याआडून पुटपुटली. "तेंका पसंत नाय पडला तर?"

"नाय पडूंदे. माका ह्याच होया."

यमुनाबाईने बोळा काढला, नाक पुसलं आणि असा होकार दिला की देवळावरची कबुतरं उडाली.

परदेशातून उत्तर अजून यायचं होतं. पण दुसऱ्या दिवशी बाजारात किशोरीने विचारलंच, "वाजप बरा झाला गो. पण झील नेमको करता काय?"

यमुनाबाईने सुरमई कापता कापता मान वर केली.

"गाऱ्हाणा घालता," ती म्हणाली. "आणि जाब देवक तेका आवस लागता."