शत्रूच्या देशातलं दार

जिंतूरच्या डोंगराकडं आमचं गाव. तिथं सिनेमावाले आले अन् चार दिवसांसाठी आमच्या गावाला त्यांनी शत्रूचा देश करून टाकलं. उघडं माळरान, दगडमातीची घरं, तिकडं असंच असतं म्हणे. माझ्या दारावर उर्दूतली पाटी ठोकली तशी मी सेलूच्या बहिणीला फोन लावला, म्हणलं, पंचफुलाचं दार सिनेमात येणार. ती लय जळली. मला बरं वाटलं.

काम माझ्या सासूला, बायनाबाईला मिळालं; मी त्यांना आत्याबाई म्हणते. काम काय, तर सरहद्द चुकलेला आपला जवान दारात पाणी मागतो अन् त्या देशातली म्हातारी त्याच्या तोंडावर दार लावते. बस, एवढंच.

हिरो दारात आला. आत्याबाईंनी त्याच्याकडं बघितलं, आत गेल्या अन् गुळाचा खडा अन् पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. डायरेक्टरनं समजावलं. दुसऱ्या बारीला पुन्हा तांब्या. तिसऱ्या बारीलाही तेच, अन् मे महिन्याचं ऊन, हिरोनं घटाघटा पिऊन टाकलं. मी कडेला दातओठ खात उभी. कानाशी जाऊन म्हणलं, दार लावा की, न्हाई तर हे लोक शेजारी कस्तुराबाईकडं जातेल.

डायरेक्टर वैतागला, म्हणला शत्रू कधी पाणी देत नसतो. तवा गर्दीतून आमचे भगवानराव गुरुजी पुढं आले. दर सतरा सप्टेंबरला झेंड्यापाशी सांगतात तीच गोष्ट त्यांनी सांगितली: निजामाचं राज्य गेलं तवा ह्या बाईच्या आईनं भारताच्या फौजेला पाणी पाजलं, जवानाला न्हाई म्हणणं हिच्या रक्तातच न्हाई.

आत्याबाई शांतपणे म्हणल्या, "गुरुजी, ती गोष्ट अर्धीच हाय. मायनं आधी निजामाच्या पळत्या शिपायाला पाणी दिलं, मग फौजेला. दोघांचे बी ओठ फुटले होते म्हणायची. अन् तवा आपण बी दुसऱ्याच देशात होतो की."

गुरुजी टोपी काढून घाम पुसायला लागले. सिनेमावाल्यांनी माझी पाटी उचकटून कस्तुराबाईच्या दारावर ठोकली. तिनं पहिल्याच बारीला असं दार आपटलं की भिंतीचा पोपडा पडला. महिनाभर मी आत्याबाईंशी धड बोलले न्हाई.

सप्टेंबरात गुरुजींनी झेंड्यापाशी गोष्ट सांगितली, जुनीच, फौजेची.

दिवाळीनंतर परभणीला सिनेमा लागला. आमी तिघी गेलो. कस्तुराबाई नवं लुगडं नेसून आली होती. पडद्यावर तिनं दार आपटलं अन् अख्खं थेटर तिला शिव्या द्यायला लागलं. मागून कुणी म्हणलं, मर म्हातारे. कस्तुराबाईनं पदर तोंडावर ओढला. आत्याबाई माझ्याकडं वाकून म्हणल्या, "मंग त्या पोराला पाणी कुठं मिळालं?"

एसटीत कस्तुराबाई रडायली. आत्याबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली अन् तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. मला आमच्या म्हातारीचा लय अभिमान वाटला.

घरी आले तर बहिणीचा फोन. म्हणली, मी बी सिनेमा बघितला, तुझं दार कुठंच दिसलं न्हाई.

म्हणलं, कसं दिसल? आमच्या आत्याबाईंनी ते लावलंच न्हाई.