गुरुपादप्पांना न पटलेला गार्ड

नांदेडच्या मीटरगेज रेल्वेवर तीस वर्षं गार्ड म्हणून काढून गुरुपादप्पा लातुरात औसा रोडला घर बांधून राहिले होते. वरच्या खोल्यांत बारावीच्या क्लासला आलेल्या मुली भाड्याने राहायच्या. रविवारची टेस्ट झाली की दुपारी खाली अप्पांच्या टीव्हीला दुकानातून भाड्याने आणलेला व्हिडिओ जोडायचा, आणि दर वेळी तोच जुना, अख्खा आगगाडीत घडणारा भुताचा सिनेमा लावायचा. सिनेमा भिकार होता.

"बघा, इंजिन कोळशाचं आन् भोंगा डिझेलचा," अप्पा म्हणायचे. "ही बाभळ सातव्यांदा चाललीय. गाडी मुदखेडला निघालीय का बाभळीला प्रदक्षिणा घालून राहिलीय?"

भुताच्या पांढऱ्या साडीखाली कॅनव्हासचे बूट दिसायचे. डबा हादरला की खिडकीशी तो हलवणाऱ्याचा हात दिसायचा. आठवडाभर फिजिक्सच्या सरांची बोलणी खाल्लेल्या मुलींना कुणाला तरी हसायला मिळायचं. लोहा गावची नाजिया तर अप्पा येऊन बसल्याशिवाय कॅसेट लावू द्यायची नाही.

अप्पांचा खरा राग सिनेमातल्या गार्डावर होता. भूत दिसताच तो झेंडा टाकून उडी मारायचा. "ह्याला गार्ड म्हनायचं? माणसं डब्यात सोडून पळतंय. भित्रट."

एका रविवारी त्यांची बायको नीलम्मा दारात शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "भूकंपाच्या पहाटे आमचा गार्ड कुठं होता, विचारा की."

"कुठं होते, आजी?" नाजियानं विचारलं.

"चौकात, अनवाणी. मी आत. कपाट दाराला आडवं पडलेलं. मी ते ढकलून बाहेर आले, तर हे लोकांना सांगून राहिले होते, घाबरू नका म्हणून."



"हाक मारली व्हती मी," गुरुपादप्पा म्हणाले.

"हाव. चौकातून."

ते उठून जातील असं मुलींना वाटलं, पण ते बसून राहिले. उरलेला सिनेमा त्यांनी तोंड न उघडता पाहिला. त्यांच्या बोलण्यावाचून तो मुलींना संपता संपेना. एकजण तर मधेच गणितं सोडवायला वर गेली.

सिनेमा संपला तसे अप्पा उठले. "आण ती कॅसेट, दुकानात देऊन येतो," म्हणाले आणि अनवाणीच अंगणात उतरले.

"चपला घालून जावा," नीलम्मा म्हणाली. "आज काय घाई न्हाई."