काचेतला पाट

मित्रांनो, जेवताना खाली बसायला घेतात ना, तसा मी एक जुना सागवानी पाट आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला फक्त सणावारी पाहिले असेल. माझे बहुतेक आयुष्य झाशीत गेले. गोदूबाईंचे यजमान रेल्वेत होते. त्यांनी मला मानिक चौकातल्या सुताराकडून करवून घेतले. घरी कोणीही येवो, गोदूबाई आधी मला मांडायच्या आणि मग पाणी आणायच्या.

त्यांची मुलगी शलाका चित्रकला शिकून आली, कॉलेजात शिकवू लागली. तिची कला मात्र निराळी. ती चित्र काढत नसे; एक कल्पना मांडायची आणि ती माणसांनी पुरी करायची. तिने मला उचलले, बाजारात नेऊन ठेवले आणि स्वतः समोर जमिनीवर बसली. नियम एकच. जो बसेल त्याने सांगायचे, की याआधी त्याला कोणी, कधी 'बसा' म्हटले होते.

गोदूबाई म्हणाल्या, "एवढं शिकून पाटच मांडायचा होता, तर मी घरीच शिकवलं असतं!"

मानिक चौकात एक हमाल बराच वेळ नुसता उभा राहिला. "दीदी, हम बैठ गए तो बोरा कौन ढोएगा?" म्हणून हसला. मग अवघडून बसला. आठवून आठवून शेवटी म्हणाला, "हमसें तो आज लौं कोऊ ने नईं कई के बैठ जाओ." त्याला आजवर कोणीच बसायला सांगितले नव्हते. शलाकाने ते तसेच वहीत लिहून घेतले.

पुढे आम्ही झाशीच्या आसपासच्या गावी, समथरला गेलो, गरौठ्याला गेलो. त्या वह्यांचे पुस्तक झाले. दिल्लीत माझे प्रदर्शन भरले, वर्तमानपत्रांत फोटो आले, शलाका प्रोफेसर झाली. मग तिने मला कॉलेजच्या संग्रहाला देऊन टाकले आणि कागदावर लिहिले, 'हा पाट जपून ठेवावा.' त्यांनी मला काचेच्या पेटीत ठेवले. वर पाटी लावली, 'हाथ न लगाएँ'. खरे सांगायचे तर तेव्हा तिलाही बरे वाटले होते. अकरा वर्षे माझ्यावर कोणी बसले नाही.

या वर्षी ती निवृत्त व्हायची होती. शेवटच्या आठवड्यात ती विभागप्रमुख मयुराकडे गेली. मयुरा तिचीच विद्यार्थिनी.

"पाट बाहेर काढ. काचेत राहिला तर माझं काम संपलंच म्हणायचं."

"मॅडम, लकडी जुनी झाली. टूट गया तो? सगळे म्हणतील, मयुराने तोडला." मयुराने तो कागद पुढे केला. "आणि हे तर आपल्याच अक्षरात आहे."

शलाकाने पेन काढून ती ओळ खोडली आणि खाली लिहिले, 'यावर बसावे. मोडला तर दोष माझा.' आणि सही केली.

पेटी उघडली. शलाकाने मला जमिनीवर मांडले आणि म्हणाली, "मयुरा, बस."

मयुरा बसली मात्र, आणि मी मधोमध तडकलो. ती दचकून उठायला गेली. डोळ्यांत पाणीच आले तिच्या.

"उठू नकोस," समोर फरशीवर बसत शलाका म्हणाली. तिच्या गुडघ्यावर वही होती. "सांग आधी. तुला शेवटचं कोण म्हणालं, बस म्हणून?"

मयुरा हळूच बोलली, "हेड झाल्यापासून मी आले की सगळे उभे राहतात, मॅडम. बैठो कोई नहीं कहता."

शलाकाने तेही लिहून घेतले.

आता सुताराने माझ्या पाठीला दोन पट्ट्या ठोकल्या आहेत आणि मी कॉलेजच्या व्हरांड्यात असतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपायचे म्हणजे त्या पुसायच्या, दुरुस्त करायच्या आणि वापरायच्या. काल एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून बराच वेळ उभे होते. मी अगदी त्यांच्या पायाशी होतो. पण माझा आवाज त्यांना ऐकू जात नाही. 'बसा' एवढे मात्र तुम्हालाच म्हणावे लागेल.