तीन सूत

सुताराने हातातली कुबडी भिंतीवर आपटली.

"ही धरायची दांडी वाकडी आहे. चौथ्यांदा सांगतोय!"

"काका, दांडी नाही, तुम्ही डावीकडे कलताय," चालायला शिकवणाऱ्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "पाय गेल्याचं मन अजून मानत नाहीये. राग येणारच."

म्हणे मन मानत नाही! ट्रकमधून उतरवताना ओंडका घसरला आणि गुडघ्याखालचा डावा पाय गेला, तेव्हापासून जो तो त्याचं मन वाचायला बसला होता. खुर्ची डुगडुगते म्हटलं तर मन, चहा गार आहे म्हटलं तरी मनच. तीस वर्षं त्याच्या नुसत्या नजरेच्या अंदाजाने लोकांच्या घरची दारं बसली होती. आणि इथे, नकली पायावर चालताना आधाराला धरायच्या दोन दांड्यांमधला फरक म्हणे त्याला कळत नव्हता.

मॅडमनी वहीत लिहिलं. समोरून त्याने ते उलटं वाचलं. 'कलतो. चिडचिड. सत्य नाकारतो.'

घरी जाताना तो बायकोला म्हणाला, "उद्या माझी पाणसळ पिशवीत टाक."

"अहो, कशाला त्यांच्याशी वैर घ्यायचं?"

"म्हणजे तुलाही वाटतं, माझं डोकं फिरलंय?"

तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मॅडमच्या वहीपेक्षा तेच त्याला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मात्र टॉवेलात गुंडाळलेली पाणसळ तिने मुकाट्याने त्याच्या हातात दिली. त्याने दोन्ही दांड्यांवर आडवी फळी टाकली, फळीवर पाणसळ ठेवली. नळीतला बुडबुडा सरळ उजवीकडे पळाला.

"डावी तीन सूत खाली आहे, अर्ध्या बोटाएवढी," तो म्हणाला. "या, बघा. सगळे या!"

मॅडम वाकल्या. "अगं बाई, खरंच की!"

"पाय कापलाय माझा. डोळे नाही काढले!"

हॉलमधली माणसं दांड्यांभोवती जमली. तो फतकल मारून खाली बसला, डाव्या दांडीच्या दोन्ही खांबांखाली पिशवीतून आणलेल्या लाकडाच्या चपट्या पाचरी सरकवल्या आणि कुबडीच्या बुडाने ठोकल्या. बुडबुडा मधोमध आला. त्याने दोनदा तपासलं.

मग तो उभा राहिला. पहिलं पाऊल पडलं, दुसरं पडलं. तिसऱ्याला तो डावीकडे कलला.

मागे येऊन त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा कलला.

बायको खिडकीबाहेर बघू लागली. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. आता चिडायचं तरी कुणावर? त्याने घसा खाकरला.

"लिहा."

"राहू द्या हो काका."

"लिहा म्हणतो ना! कलतो. कालचं खोडा, काल दांडी खाली होती. आजची तारीख घाला."