निळ्या कांड्या

महिन्याभरात तिसरी फुलदाणी तडकली, तेव्हा बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

बाई तीस वर्षं काच फुंकत होत्या. वस्तू घडली की ती बंद पेटीत ठेवून दिवसभर हळूहळू गार करावी लागते. मध्येच दार उघडलं की काच तडकते. ही पेटी सांभाळायची त्यांची वहिनी, थोरल्या भावाची बायको. आणि शेजारच्या गल्लीतला काचवाला हल्ली तिला आपल्याकडे बोलावतोय, हे बाईंच्या कानावर आलं होतं.

"वहिनी, पेटी मध्येच उघडली होती का?"

"मी कशाला उघडू, वन्सं?" वहिनी हसली, पण तिने नजर मिळवली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पेटीच्या कडीला गुपचूप दोरा बांधला. संध्याकाळी दोरा जागच्या जागी, आत फुलदाणी मात्र उभी चिरलेली. संशय फिटायचा तर उलट वाढला. दोरा सोडून पुन्हा बांधला असेल तर? ही गाठ आपलीच कशावरून?

मग एके दुपारी "बाजारात जाऊन येते" म्हणून बाई निघाल्या आणि मागच्या दाराने आत येऊन पत्र्याआड उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने वहिनी आली. तिने रंगीत काचेच्या कांड्यांचा डबा उपसला, भराभर निवडानिवड केली आणि दोन कांड्या ॲप्रनच्या खिशात घातल्या.

"सापडलात!" बाई बाहेर आल्या. "माझं काम मोडून त्याच्याकडे जायचंय ना?"

वहिनी जागीच थिजली. मग तिने खिशातली एक आणि डब्यातली एक कांडी पुढे धरली.

"यातली निळी कोणती?"

"कोणती म्हणजे? दोन्ही निळ्याच."

"नाही, वन्सं. ही जांभळी आहे. दुसऱ्या कारखान्यातली. ती निळीसारखी आकसत नाही. एका वस्तूत दोन्ही गेल्या की गार होताना काच फुटते. दोन महिने झाले, तुम्ही दोन्ही एकाच डब्यात टाकताय. मी वेचून काढते, पण काही सुटतातच."

बाई खिडकीपाशी गेल्या. कांड्या उजेडात फिरवून फिरवून पाहिल्या. दोन्ही निळ्याच.

"मला सांगितलं का नाही?"

"चष्मा बदला म्हटलं, तर चार दिवस अबोला धरलात. तुमचे डोळे गेले म्हटलं असतं, तर घरातूनच काढलं असतंत!"

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत वहिनी कांड्या निवडून द्यायची आणि बाई फुंकायच्या.

"आणि तो काचवाला?" बाईंनी एकदा विचारलंच.

"आला होता. नाही म्हणून सांगितलं."

"कधी?"

"झाला महिना."

"हेही नाही सांगितलंत. अजून काय काय लपवलंय?"

वहिनी नुसती हसली. बाईंना ते हसणं काही आवडलं नाही.

त्या आठवड्यातली फुलदाणी पेटीतून अखंड निघाली. बाईंनी तिच्यावरून सावकाश बोट फिरवलं. कुठे काही लागलं नाही. तरी खात्री पटेना. शेवटी त्यांनी ती वहिनीच्या हातात दिली.

"तुम्ही बघा एकदा."