आसरांचे केस

चिंचेखाली पोरं गडाबडा लोळत होती आणि त्यांच्याभोवती सगळी बोरमाळ वस्ती गोळा झाली होती. ज्वारीच्या राखणीवरचे गडी गोफणी हातात घेऊन तसेच धावत आले होते. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. पुढं मात्र कोणी येईना. माझ्या दुसरीतला शिवराज मान, पाठ, पोटऱ्या ओरबाडत किंचाळत होता. मी त्याला उचलून ओढ्यावर नेलं, अंगावर पाणी ओतलं, पदरानं खसाखसा पुसलं. तर तो आणखीच ओरडू लागला.

"पानी लावू नगा बाई! पान्यातल्यांनीच धरलंय त्याला!"

असं ओरडत, गर्दीतून वाट काढत प्रभु महाराज आला. भगवी लुंगी, गळ्यात कवड्यांची माळ, हातात लिंबाचा डहाळा. त्यानं शिवराजला माझ्या हातातून हिसकावलं, अंगभर तेल चोळलं, वर मूठमूठ भस्म फासलं आणि मंत्र सुरू केला, "ॐ ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, फट् स्वाहा!"

लोकांनी हात जोडले. माझं माहेर अक्कलकोटकडचं. महाराज कानडीत एक-दोन-तीन-चार म्हणतोय, एवढं मला कळत होतं. एरवी पोट धरून हसले असते. पण समोर पोरगं खरोखर शांत होत होतं. महाराजानं चपट्या काठीनं भस्माचा लगदा खरवडून काढला, तसं शिवराजचं ओरडणं थांबलं. नुसते हुंदके राहिले.

महाराजानं तो लगदा पानावर घेऊन उन्हात धरला. त्यात बारीक सोनेरी केस चमकत होते.

"बघा! डोळं फाडून बघा! आसरांचे केस!"

डोहात सात आसरा राहतात, त्यांची जागा विटाळली की त्या बायका-पोरांना धरतात, ही आमच्याकडची जुनी समजूत. ती सगळ्यांना ठाऊक होती. पण केस आजवर कोणी पाहिले नव्हते. गर्दी एकदम मागं सरली. आणि मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. कारण पोरांना त्या जागी मीच आणलं होतं.

माढ्याच्या पलीकडं आमची ही दोन शिक्षकांची शाळा. शनिवारी दप्तर नसतं. त्या दिवशी मी पोरांना घेऊन ओढ्याकाठी जाई. चिंचेच्या सावलीचं माप घ्यायचं, वारुळाभोवती बसून मुंग्या काय वाहून नेतात ते बघायचं, भिंगातून पानाच्या शिरा बघायच्या, डोहातले पाणकिडे ओंजळीत धरून पुन्हा सोडायचे. वर्गात तोंड न उघडणारी पोरं तिथं प्रश्न विचारत मला थांबू देत नसत. बसायची सतरंजी आम्ही गुंडाळून चिंचेच्या ढोलीतच ठेवत असू.

गेल्या उन्हाळ्यात हा महाराज कुठून तरी आला. त्यानं त्याच चिंचेखाली एक दगड शेंदूर फासून उभा केला. पण जिथं पोरं मुंग्यांमागं रांगतात तिथं भुताखेतांना कोण भिणार? त्याची गादी काही जमेना. दोनदा त्यानं मला सांगितलं होतं, "बाई, जागा बरी न्हाय." मी ते हसण्यावारी नेलं होतं.

त्या शनिवारी बाकीच्या पोरांनाही तसंच भस्म फासून खरवडल्यावर, जाता जाता महाराजानं फर्मान सोडलं. पोरांनी ओढ्याकडं फिरकायचं नाही. आणि शिवराजला आसरांनी पसंत केलंय, तेव्हा मंगळवारी, अमावास्येच्या सकाळी, त्याच्या पाठीवर तापल्या सळईचे डाग द्यायचे. नाहीतर पोर हाती लागायचं नाही.

मी शिवराजच्या वडिलांना, धोंडीरामना, आडवी गेले. "अहो, सात वर्षांचं लेकरू आहे. डाग कसले देताय?"

"तुमी बोलू नगा बाई!" त्यांचा आवाज कापत होता. "तुमच्या शाळंपायी हे झालं. मला एकच पोरगं हाय. ते गेलं तर तुमी देनार हाय का?"

घरी आले तर माझाच हात पेटला होता. शिवराजला उचलताना जिथं त्याचं अंग लागलं होतं, नेमकं तिथं. मी या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. तरीही त्या संध्याकाळी दाराला कडी लावून मी हाताकडं बघत बसले, आणि खरं सांगते, मला भीती वाटली.

सोमवारी शाळेत मोजकीच पोरं आली. खिडकीतून चिंच दिसते म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली. वाऱ्यानं ती उघडली, तशी पिंकी किंचाळून खाली पडली. ती तर शनिवारी आलीसुद्धा नव्हती. मी तिच्या तोंडावर पाणी मारून तिला शुद्धीवर आणलं. गावात बातमी गेली, आसरा आता शाळेत शिरल्या.

मधल्या सुट्टीत चौथीतली झीनत जवळ आली. तीही भ्यायलेली होती, पण तिच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं.

"बाई, आसरा पाण्यात राहतात ना?"

"असं म्हणतात."

"मग मला का नाही धरलं? मी तर डोहातच उभी होते. गुडघ्यापर्यंत. ताबीश पण होता. आम्हाला काहीच नाही झालं. जे सतरंजीवर बसले, तेच ओरडले."

विटाळ पाण्याचा, आणि पाण्यात उभी असलेली पोरं धडधाकट! मग इतका वेळ मी डोहाकडं का बघत होते?

शाळा सुटल्यावर मी एकटीच चिंचेकडं गेले. हातात खताची रिकामी गोणी आणि एक लांब काठी. ज्वारीत नुसतं सळसळलं तरी अंगावर काटा येत होता. सतरंजी तशीच पडली होती. तिला शिवायची कोणाची छाती झाली नव्हती. काठीनं उचलून ती पांढऱ्या कागदावर झटकली. कागदावर सोनेरी केस पडले, आणि नखाएवढा शेंगेच्या सालीचा तुकडा. भिंगातून पाहिलं. केस कसले, सगळ्या एकसारख्या आखूड, टोकदार सुया होत्या. सालीवर त्यांचीच दाट लव होती.

सतरंजी काठीनंच गोणीत कोंबली आणि कागद घेऊन तशीच माढ्याला गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी कागद दुरूनच पाहिला. "हात लावू नका. खाजकुयली आहे ही. वेलीची शेंग असते, पिकली की हिची कुसं झडतात. अंगात रुतली की माणूस वेडापिसा होतो. चोळलं, ओल्या कपड्यानं पुसलं तर आणखी पसरतात."

"आणि तेल, राख?"

"तेल-राखेच्या लगद्यात कुसं अडकतात. खरवडून काढली की आराम. जुना उपाय आहे, त्याला मंत्र लागत नाही."

"पण एक मुलगी तिथं नसतानाही पडली."

"ती भीतीनं पडली," त्या म्हणाल्या. "भीतीही लागते एकाची दुसऱ्याला."

मंगळवारी सूर्य उगवायच्या वेळी चिंचेखाली पुन्हा गर्दी होती. शेणी पेटल्या होत्या आणि निखाऱ्यात सळई तापत होती. धोंडीरामनी शिवराजचे दोन्ही हात धरले होते. पोराची पाठ उघडी होती आणि ते रडायचंही विसरलं होतं. पोलीस पाटलांना मी पहाटेच कळवलं होतं. ते आले होते, पण तेही गर्दीच्या कडेला हात जोडून उभे होते.

मी गोणीतून सतरंजी काठीनं काढून महाराजासमोर अंथरली.

"महाराज, जरा बसा हिच्यावर."

"हे काय मधीच?" तो मागं सरकला.

"आसरा तुमचं ऐकतात ना? मग भ्यायचं कशाला? बसा की."

"मुहूर्त टळंल! बाजूला हो!"

"बसा की महाराज," गर्दीतून राजाबाई म्हणाल्या. त्या आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. "बाई एवढं म्हंत्यात तर बसा."

तो बसेना. मग मीच बाही वर केली आणि हात सतरंजीवर घासला. क्षणात आग उठली. कातडीवर चट्टे आले, डोळ्यांतून पाणी आलं. लोक ओरडले, "धरलं! बाईला धरलं!" काहीजण पळायच्या बेतात होते.

"थांबा!" मी ओरडले. "राजाबाई, चुलीतली राख द्या!"

मी सांगून ठेवल्याप्रमाणे त्यांनी तेल आणि आदल्या दिवशीच्या खिचडीच्या चुलीतली राख डब्यात आणली होती. मी तेल लावलं, राख फासली, काठीनं खरवडली. मंत्र नाही, डहाळा नाही. दात-ओठ खात उभी राहिले, आणि आग हळूहळू उतरली. लगदा उन्हात धरला. त्यात तेच सोनेरी केस.

"हे आसरांचे नाहीत. हे खाजकुयलीचे आहेत. कोणीतरी आपल्या पोरांच्या सतरंजीत शेंगा चुरल्या. ज्यांनी अंग टेकलं ते ओरडले. जे पाण्यात होते त्यांना काही झालं नाही. विचारा झीनतला!"

झीनत आईमागून पुढं आली आणि मान हलवून म्हणाली, "व्हय."

धोंडीरामनी पोराचे हात सोडले. ते महाराजाकडं गेले. "झोळी उघडा."

"देवाची झोळी हाय! हात लावशील तर भस्म होशील!"

धोंडीरामनी झोळीत हात घातला आणि झटकन मागं घेतला. हात झाडत ते थयथय नाचू लागले. झोळी उपडी झाली. भस्माच्या पुडीशेजारी फाटक्या प्लास्टिकच्या पिशवीत सोनेरी लवेच्या वाकड्या शेंगा होत्या.

कोणी हसलं नाही. महाराज ओढ्याकडं पळाला. पण गोफणीवाले गडी त्याच्यापेक्षा चपळ निघाले. पोलीस पाटलांनीही आता जोडलेले हात सोडून फोन काढला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला.

धोंडीराम सळईकडं बघत खाली बसले. "मी डाग देनार होतो बाई," एवढंच म्हणाले. राजाबाईंनी त्यांच्या हाताला राख फासली.

भीती मात्र महाराजाबरोबर गेली नाही. पुढचे काही शनिवार पोरं चिंचेच्या अलीकडंच थबकत. पिंकी तर बांधावरच बसून राही. मी कोणाला ओढलं नाही. खाजकुयलीची एक शेंग बंद बरणीत ठेवून सगळ्यांना भिंगातून दाखवली. आईबापांनाही दाखवली. मग एका शनिवारी शिवराज स्वतःहून डोहात उतरला आणि पाणकिडा ओंजळीत घेऊन पिंकीला दाखवायला बांधावर गेला.

मला एवढंच सांगायचं आहे. भीती वाटणं हा गुन्हा नाही, मलाही वाटली. पण भीती वाटली की तिथंच थांबू नका. कोणाला झालं, कोणाला नाही झालं, त्या वेळी कोण कुठं होतं, हे विचारा. तुमचं पोर विचारत असेल तर त्याला गप्प करू नका. आणि त्याच्या पाठीजवळ कोणी तापली सळई आणली, तर त्या माणसाचा मंत्र ऐकत उभे राहू नका. पोराला उचला आणि दवाखान्यात न्या.